मांडीमागची नस ठरली होती, वाटीखालची काढली

प्रश्न : मी पलूसचा, फरशी बसवण्याचं काम करतो. गाडी घसरून गुडघ्याचं एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं. दीड वर्षापूर्वी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीमागची नस काढून बसवू, असं डॉक्टर म्हणाले होते. नंतर कळलं, गुडघ्याच्या वाटीखालची काढलीय. चालताना काही नाही, पण गुडघा टेकला की कळ जाते. धंदा बसला. डॉक्टरांवर पोलीस केस करू का?

उत्तर : पोलीस ठाण्याची पायरी तूर्त चढू नका. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगून ठेवलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनीही आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं. तुमच्या हकिकतीत तसं काही दिसत नाही.

‘चुकीची नस काढली’ हेही तक्रारीत लिहू नका, पहिल्याच तारखेला खोडून निघेल. नवं लिगामेंट मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग या कंडरेचं (तुम्ही जिला नस म्हणता) करतात तसंच वाटीखालच्या पट्टीचंही करतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. वाटीखालच्या पट्टीला दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो, त्यामुळे ती हाडात पाडलेल्या बोगद्यात चांगली धरते. खेळाडूंसाठी अनेक सर्जन तीच पसंत करतात. तिचा माहीत असलेला तोटा मात्र एकच ठळक : गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं, विशेषतः गुडघा टेकल्यावर. ऑफिसात बसणाऱ्याला हे चालून जाईल. फरशीवाल्याला ते आधी सांगायलाच हवं होतं. तुमचा दावा उभा राहिला तर एवढ्यावरच राहील.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (2008) या निकालाचा इथे उपयोग आहे. उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके सांगून घेतलेली संमतीच खरी, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण तिथे तपासणीपुरती संमती असताना गर्भाशय काढलं होतं. तुमचं ऑपरेशन तेच, फक्त नस वेगळी. समोरचा वकील हा फरक दाखवणारच.

म्हणून दोन कागद आधी हातात घ्या : संमतीपत्र आणि ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय केलं याची डॉक्टरांनी लिहिलेली नोंद. संमतीपत्रावर नुसतं ‘एसीएल रिकन्स्ट्रक्शन’ छापलंय की कुठली नस तेही लिहिलंय? नोटमध्ये बघा, हॅमस्ट्रिंग काढून मोजली होती का. ती 8 मिलिमीटरपेक्षा बारीक भरली तर पुन्हा तुटण्याची भीती जास्त, म्हणून सर्जन टेबलावरच बेत बदलू शकतो. तसं माप नोंदवलेलं असेल आणि असा बदल होऊ शकतो हे तुम्हाला आधी सांगितलेलं असेल, तर मी तुम्हाला केस करू नका असंच म्हणेन. नोट कोरी असेल, तर बोलायला जागा आहे.

कागद लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे 72 तासांत ते मिळायला हवेत. तोंडी मागितले की ‘रेकॉर्डवाला सुट्टीवर आहे’ हे ठरलेलं असतं. मग ते कागद आणि एमआरआय घेऊन दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. त्यांचं तोंडी बोलणं ग्राहक आयोगापुढे कामाचं नाही.

तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. बिल 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. ती ऑपरेशनच्या तारखेपासूनच धरा. सहाच महिने उरलेत, आणि नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही.

भरपाईचे आकडे मनात रंगवू नका. समीरा कोहलींच्या प्रकरणात डॉक्टरांची फी नाकारली गेली आणि वर मिळाले 25,000 रुपये. तुमची रक्कम बुडालेल्या कमाईच्या पुराव्यावर ठरेल. ठेकेदाराची हजेरी वही, खात्यावर किंवा फोनवर आलेले मजुरीचे पैसे, ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे, आत्ताच गोळा करून ठेवा.