हाफ-ऑर्क पैलवान संतापीच असावा का?

प्रश्न : आम्ही काही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक पात्रे घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती सुरू करत आहोत. मला हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क या राकट काल्पनिक वंशाचा) पात्र घ्यायचे असून ते तालमीत वाढलेल्या पैलवानासारखे व्हावे, अशी इच्छा आहे. मित्रांच्या मते हाफ-ऑर्क म्हटला की तो बार्बेरियन (संतापाच्या भरात लढणारा योद्धा), अनाथ आणि संतापीच हवा. शिवाय २०२४च्या नियमपुस्तकात हाफ-ऑर्क नाहीच. मी काय करावे?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : २०२४च्या पुस्तकात केवळ ऑर्क आहे हे खरे, परंतु डंजन मास्टरची (खेळ चालवणाऱ्याची) संमती असेल तर २०१४चा हाफ-ऑर्क खुशाल घ्यावा. त्याला स्ट्रेंग्थमध्ये (ताकदीत) २ व कॉन्स्टिट्यूशनमध्ये (काटकपणात) १ अशी वाढ, अंधारात ६० फुटांपर्यंतची दृष्टी आणि इंटिमिडेशनचे (धाक दाखवण्याचे) कौशल्य मिळते.

संतापाची सक्ती नियमांत कुठेही नाही. २०१४च्या नियमांत रेजमुळे (संतापाच्या आवेशामुळे) बार्बेरियनची पकड अधिक घट्ट होते हे मान्य केले, तरी डोके शांत ठेवून डाव टाकणारा पैलवान मला फायटरच (तालमीने तयार झालेला योद्धाच) वाटतो. अ‍ॅथलेटिक्सचे कौशल्य अवश्य घ्या. पाचव्या लेव्हलला दोन हल्ले मिळू लागले, की पहिल्याच्या जागी प्रतिस्पर्ध्याला धरावे आणि दुसऱ्याच्या जागी ढकलून पाडावे. पकड सुटेपर्यंत त्याचा वेग शून्य राहत असल्यामुळे त्याला उठताच येत नाही. ‘सॅव्हेज अटॅक्स’ या हाफ-ऑर्कच्या गुणाचा जादा फासा मात्र शस्त्राच्या क्रिटिकल हिटलाच (खास जबर फटक्यालाच) मिळतो, पकडीला नाही, म्हणून एका हातात शस्त्र ठेवून दुसरा मोकळा ठेवावा. बॅकग्राउंड (पात्राचा पूर्वीचा पेशा) म्हणून ग्लॅडिएटर, म्हणजे प्रेक्षकांसमोर लढणारा, शोभेल.

पात्राच्या पूर्वायुष्याबद्दल मात्र मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हाफ-ऑर्कची कथा लिहिताना बहुतेक खेळाडू आईबापांच्या दुःखातच अडकतात, आणि मग ते पात्र प्रत्येक प्रसंगी तेच दुःख उगाळत बसते. त्याऐवजी त्याला घडवले कोणी, हे आधी ठरवावे. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून हौदा तयार करणारा, पोराच्या खुराकाची काळजी वाहणारा आणि चुकला तर सर्वांसमक्ष खडसावणारा वस्ताद कोल्हापूरकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या काल्पनिक जगात त्याची भाषा आणि पोशाख बदलेल, पण गुरू-शिष्याचे नाते जसेच्या तसे नेता येईल.

हाफ-ऑर्कचा ‘रिलेन्टलेस एन्ड्युरन्स’ हा गुणही मग नुसती सवलत राहत नाही. हिट पॉइंट (पात्राची उरलेली जीवशक्ती) शून्यावर आले, पण जागीच मृत्यू ओढवला नसेल, तर लाँग रेस्टगणिक (दर दीर्घ विश्रांतीमागे) एकदा हाफ-ऑर्क १ हिट पॉइंटवर टिकून राहतो. पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती संपत नाही, हे ज्याच्या अंगी बाणवले गेले आहे, त्याचे असे टिकणे सहखेळाडूंनाही पटते. तो क्षण आला की आकडा सांगून थांबू नका. वस्तादाची कोणती शिकवण त्याला आठवली, ते एका वाक्यात बोला.

पहिल्या बैठकीपूर्वी डंजन मास्टरला तीन गोष्टी लिहून द्या : वस्ताद हयात आहे का, पात्राने तालीम का सोडली, आणि त्याच तालमीतला कोणता जोडीदार आज त्याच्या विरोधात उभा आहे.