कॉन्फिगरेशन येतं, पण सिस्कोच्या ३००-४२० या नेटवर्क डिझाइन परीक्षेत गाडी अडते. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं राउटर-स्विच हाताळताय, रोज लॅब (उपकरणांवर सराव) करताय, तरी सराव प्रश्नांत शेवटी दोन पर्याय उरले की नेमका चुकीचाच निवडला जातो. माझं अगदी हेच व्हायचं, आणि पहिल्या वेळी मी नापासही झालो. म्हणून सांगतो, महिनाभर लॅब बंद ठेवा. कागद-पेन्सिल घ्या.

कमांड येते का, हे ती परीक्षा फारसं बघतच नाही. दोन्ही पर्याय चालणारेच असतात. प्रश्नात दिलेल्या अटीत कोणता बसतो, एवढंच विचारलेलं असतं. बजेट कमी, शाखेतला राउटर जुना, स्थानिक माणूस नाही, अशी एखादी अट मधल्याच वाक्यात दडलेली असते. मी ती वाचायचो आणि विसरून ‘सगळ्यात भारी’ उत्तर द्यायचो.

खरे प्रश्न सांगता येत नाहीत, तसा करार असतो. पण माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. एका पतसंस्थेच्या शाखा, प्रत्येकीच्या दोन लिंक मुख्यालयातल्या दोन राउटरना, वर ईआयजीआरपी, म्हणजे राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल. एका शाखेची लिंक फ्लॅप झाली, म्हणजे सारखी तुटत-जुळत राहिली, की भलत्याच शाखा बंद पडायच्या. कारण रस्ता हरवला की मुख्यालय सगळ्यांना विचारतं, “तुझ्याकडे आहे का?” त्या शाखा तोच प्रश्न दुसऱ्या राउटरला विचारतात. एखाद्या रडक्या लिंकवरून उत्तर येत नाही, आणि डिफॉल्ट तीन मिनिटं उलटली की त्या दोन राउटरांचं शेजारीपणच तुटतं. शाखा म्हणजे बंद गल्ली, तिला रस्ता विचारायचाच कशाला? शाखेच्या राउटरवर स्टब (‘मला रस्ते विचारू नका’) ही एका ओळीची कमांड टाकली आणि बोंब थांबली. ती कमांड मला आधीही पाठ होती, पण कुठे टाकायची ते सुचलं नव्हतं.

आता वहीत काय करायचं? सोळा शाखांची एक कंपनी कल्पा. प्रत्येक शाखेला एक /२२, म्हणजे १०२४ आयपी पत्त्यांचा गट, दिलात, तर १०.२०.०.० पासून ओळीने सोळा मिळून बरोबर एक /१८, म्हणजे एकच मोठा गट, होतो, आणि मुख्यालयाकडून पुढे एकच रूट सांगता येतो. हेच पत्ते मागेल तसे वाटले तर सगळं विस्कटतं. मग अट घाला: शाखांना आपसात फोनवर बोलायचंय. मुख्यालयावरून वळसा घेतला तर आवाज एका बाजूने पोचायचा १५० मिलिसेकंदांचा हिशेब बिघडेल का? प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडणी केली तर सोळा जणांचे १२० टनेल, म्हणजे थेट खासगी जोडण्या, होतात. ते कोण सांभाळणार? इथे डीएमव्हीपीएन (गरज पडेल तेव्हाच शाखा-शाखांत थेट टनेल उभा करणारं तंत्र) का हवं, ते आपोआप कळतं.

कॅम्पसचंही, म्हणजे एकाच आवारातल्या नेटवर्कचंही, तसंच. एखाद्या व्हीलॅनचा (स्विचवरच्या वेगळ्या गटाचा) एसटीपी रूट (लूप टाळणाऱ्या व्यवस्थेचं मूळ) डाव्या स्विचवर आणि एचएसआरपी अ‍ॅक्टिव्ह (त्या गटाचं बाहेर जायचं चालू दार) उजव्यावर असेल तर ट्रॅफिक कसा उगाच मधल्या लिंकवरून फिरतो, ते बोटाने गिरवून बघा. तुमच्या ऑफिसचं नेटवर्क काढलंत तर उत्तमच. प्रत्येक रेघेपुढे ‘हे असंच का?’ लिहा. बऱ्याच ठिकाणी ‘आधीच्या माणसाने केलं म्हणून’ हेच उत्तर निघेल.

अ‍ॅड्रेसिंग-राउटिंग आणि कॅम्पस यांना सर्वाधिक वेळ द्या, मग वॅन (दूरच्या शाखा जोडणारं नेटवर्क) आणि क्यूओएस-मल्टिकास्ट (कोणत्या ट्रॅफिकला प्राधान्य, आणि एकच डेटा अनेकांना पाठवणं). ऑटोमेशन शेवटी, पण सोडू नका. एसडी-अ‍ॅक्सेस आणि एसडी-वॅनमध्ये (सॉफ्टवेअरने चालवलेलं कॅम्पस आणि वॅन) कुठला घटक काय काम करतो, एवढं तरी पक्कं हवं.

डम्प, म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न, विकणारे मेसेज करतीलच. पकडले गेलात तर आधीची सर्टिफिकेटंही जाऊ शकतात, त्यामुळे ब्लॉक करा.

पेपर नव्वद मिनिटांचा. एकदा पुढे गेलात की मागचा प्रश्न उघडत नाही, म्हणून अट दोनदा वाचा, मगच पर्याय बघा. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं, फी मात्र पूर्ण भरावी लागते. मी दुसऱ्यांदा बसलो तो तीन महिन्यांनी, आणि त्यातला निम्मा वेळ वहीतच गेला.