पोराच्या बॅडमिंटनसाठी घरावर टॉप-अप घेऊ का?

नाशिकच्या सिडकोतल्या एका बाबांचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. वय ४२, अंबडला कंपनीत, हातात ७२ हजार, मिसेस घरी ट्यूशन घेतात त्याचे १२. घराचा हप्ता १९ हजार. एफडी २ लाख, पीपीएफमध्ये साडेतीन. मुलगा १३ वर्षांचा, बॅडमिंटन खेळतो, जिल्ह्याला दोनदा फायनल खेळलाय. कोच म्हणतात हैदराबादला निवासी अकॅडमीत टाका, सगळं धरून वर्षाला ५ लाख. बँक होम लोनवर १० लाखांचा टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, द्यायला तयार आहे, घेऊ का? आणि शेवटी लिहिलंय, "गोपीचंदनेपण घर गहाण ठेवलंच होतं ना."

भाऊ, बॅडमिंटनपटू पुलेला गोपीचंदचंच आधी बोलू. त्याने घर गहाण टाकलं ते २००१ ला ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकून झाल्यावर, अकॅडमी उभी करायला. आपलं पोरगं आत्ता कुठे अंडर-१५ मध्ये पाय टाकतंय, दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका.

आता आकडे. १० लाख, साडेनऊ टक्के, १० वर्षं, म्हणजे हप्ता साधारण १३ हजार आणि व्याजच साडेपाच लाख. घरखर्च ४०, शाळा-क्लास ५, आत्ताचं बॅडमिंटन ९ हजार असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे महिन्याला ११ उरतात, पोरगा तिकडे गेला की ते ९ वाचतील, २० मधून १३ गेले तरी ७ राहतात. कागदावर बसतं, खोटं कशाला बोलू. पण हे पैसे पुरणार दोनच वर्षं. म्हणजे पोरगा १५ चा होईल आणि पैसे संपतील, आणि बॅडमिंटनमध्ये खरा खर्च तिथून पुढे चालू होतो, अंडर-१७, अंडर-१९ च्या ऑल इंडिया रँकिंग स्पर्धा, कधी गुवाहाटी कधी चेन्नई, दोघांचं तिकीट, हॉटेल. तेव्हा कुठून आणणार? आणि हा हप्ता फिटेल तेव्हा पोरगा २३ चा असेल, मध्ये बारावी आणि कॉलेज येऊन जाईल.

माझं मत नाही असं आहे. निदान या वर्षी तरी नाही.

नाशिकला आपण पळणाऱ्यांचं गाव समजतो, कविता राऊत सावरपाड्यासारख्या पाड्यावरून आली आणि २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन गेली, त्यामुळे लोकांना वाटतं खेळाला काय, बूट आणि जिद्द. बॅडमिंटन तसं नाहीये हो. एका शटलला १६ पिसं, दोन पिसं तुटली की फेकायचं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती काडीसारखी मोडतात. शटलच्या डब्याला रात्री वाफ देऊन ठेवा, जास्त टिकतात, आणि बॅचमधल्या चार पालकांनी मिळून डबे एकदम घ्या. तुमच्या ९ हजारातले हजार-दीड हजार इथेच वाचतील असा माझा अंदाज आहे.

मग करायचं काय, तर ट्यूशनचे १२ हजार वेगळ्या खात्यात टाका, त्याला खेळाचं खातं म्हणा, घराचं काही त्यातून नाही आणि खेळाचं काही बाहेरून नाही. चालू ९ हजार त्यातूनच जातील, शटलचं वाचलं की चार-साडेचार शिल्लक, वर पगारातून उरणाऱ्या ८ मधून ४ टाका. वर्षाला लाखाच्या आसपास जमतं. त्यातून येत्या मे महिन्यात त्याच अकॅडमीचा चार-सहा आठवड्यांचा कॅम्प असेल तर तिथे पाठवा. घरापासून लांब, सकाळी पाचला उठून, आपल्यापेक्षा सरस पोरांकडून रोज मार खाऊन त्याला परत जावंसं वाटतंय का ते बघा. अंडर-१५ मध्ये राज्यात पहिल्या आठात आला तर परत लिहा, तेव्हा पीपीएफमधून थोडे काढायचा विचार करू, तुमचं खातं आठ वर्षं जुनं आहे, काही भाग निघतो आणि त्यावर टॅक्सही नाही. सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिना १० हजार भत्ता मिळतो, पण तो मिळेलच असं धरून बजेट मांडू नका. एफडीला हात लावायचा नाही.

अजून एक, टर्म इन्शुरन्स तुमच्याकडे नाहीच. ते सगळ्यात आधी, १ कोटीचं, पगारातल्या उरलेल्या ४ मधून. महिना दोन-अडीच हजारात बसेल, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

आता सल्लागार म्हणून नाही, बाप म्हणून सांगतो. माझी मुलगीपण खेळायची. एकदा पंचवटीत हिरावाडीच्या संकुलात पहिल्याच राउंडला हरली, स्कूटरवर परत येताना द्वारकाच्या सिग्नलला अडकलो आणि मी मोठ्याने हिशोब करत बसलो, एंट्री फी इतकी, गटिंग म्हणजे रॅकेटच्या तारा इतक्याच्या, नवे बूट इतके. मागून आवाज नाही. नंतर तिने स्पर्धांची तारीखच मला सांगणं बंद केलं, आईला सांगायची. तिथे तर दोन-तीन हजारांचाच प्रश्न होता, तुमच्याकडे १० लाखांचा असेल, आणि पोरांना घरातला हप्ता बरोबर कळतो.

सिंधूचे वडील रमणा, स्वतः व्हॉलीबॉलचे, १९८६ च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवलेल्या टीममधले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी रेल्वेतून लांब रजा घेऊन मुलीच्या मागे उभे राहिले. तुम्हाला तेवढी रजा कोण देणार, पण शिफ्ट बदलून आठवड्यातून तीन सकाळ तरी कोर्टवर जाता येतंय का बघा. जाऊन काही करू नका, बसा नुसते, चहा घ्या, कोचच्या मध्ये बोलू नका.

आणि बँकेचा तो टॉप-अप मंजुरीचा मेसेज पोराला दाखवला नसेल तर दाखवू नका.