आई-बाबांना घेऊन आंगकोरला जाताना

बाबा ७४, आई ६९. बाबांचा एक गुडघा दुखतो आणि त्यांना साखर आहे, आई पूर्ण शाकाहारी. डिसेंबरात कंबोडियाला न्यायचा विचार आहे, तर आंगकोर वाट हे तिथलं प्रचंड मोठं विष्णूमंदिर झेपेल का, आणि ग्रुप टूरने जावं की स्वतःचं स्वतः, असं तुम्ही विचारलंय. मी दोनदा जाऊन आले आहे. २०१९ मध्ये यजमानांबरोबर आणि २०२४ च्या जानेवारीत मोठ्या बहिणीबरोबर. ताई तेव्हा ७२ वर्षांची होती, एका गुडघ्याची वाटी बदललेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झेपेल. पण ग्रुप टूरने नेऊ नका. त्यांच्या कार्यक्रमात एका दिवसात चार-पाच देवळं असतात, आणि तिशीतल्या माणसाचा वेग धरून ती आखलेली असतात. बसमधून उतरा, तासाभरात परत या, की पुढचं देऊळ. अशा वेळी वयस्क माणूस एकतर धापा टाकत मागून चालतो, नाहीतर "तुम्ही जा, मी बसमध्येच बसतो" म्हणतो. इतके पैसे खर्च करून बाबांनी बसमध्ये बसून राहावं, हे मला पटत नाही.

पहिल्या वेळची आमची चूक आधी सांगते. आंगकोर वाटचा सूर्योदय बघायचाच, असं ठरवून आम्ही पहाटे साडेचारला निघालो. काळोखात शेकडो माणसं तळ्याकाठी जागा धरायला घाईने चालत होती. त्या गर्दीत एका निसटलेल्या दगडावर ह्यांचा पाय पडला आणि घोटा मुरगळला. हाड मोडलं नाही, एवढंच. पुढचे तीन दिवस हे हॉटेलच्या व्हरांड्यात पाय उंच ठेवून बसले होते. दगडी वाटा तिथे सगळीकडेच उंचसखल आहेत, नऊशे वर्षं पावसापाण्यात असलेले दगड आहेत ते. उजेडात दिसतात, अंधारात दिसत नाहीत. तेव्हा सूर्योदय सोडून द्या. फ्नोम बाखेंगच्या टेकडीवरचा सूर्यास्तही सोडा. वर चढायचं, रांगेत उभं राहायचं आणि अंधार पडता पडता उतरायचं, तिन्ही गोष्टी गुडघ्याला वाईट.

दुसऱ्या वेळी ताईला घेऊन मी पूर्वेच्या बाजूने आत गेले. तुमच्या बाबांसाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. आंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे, बहुतेक सगळे तिकडूनच येतात, आणि खंदकावरचा तो लांबलचक दगडी पूल ओलांडून देवळापर्यंत पोचायलाच बरीच चाल पडते. पूर्वेकडे झाडीतून जाणारी मातीची वाट आहे. सावली आहे, गर्दी नाही, पायाखाली माती. टुकटुकवाल्याला, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याला, आदल्या दिवशीच "ईस्ट गेट" म्हणून सांगून ठेवायचं. चौथऱ्यावर चढायला थोड्या पायऱ्या आहेतच, त्या बाबांनी कठड्याचा आधार घेऊन, एकेक पाऊल जोडत चढाव्यात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ताईच्या फिजिओथेरपिस्टने हे शिकवलं होतं आणि ती जन्मभर विसरणार नाही.

आणि त्या बाजूने आत गेलं की समुद्रमंथनाचा शिल्पपट जवळच, पूर्वेच्या ओवरीच्या दक्षिण भागात. सुमारे ४९ मीटर लांब. ९२ असुर आणि ८८ देव वासुकीला ओढताहेत, मधे विष्णू, खाली कूर्म, घुसळण जिथे सर्वांत जोरात तिथे मासे आणि मगरी तुटून पडलेल्या, वर अप्सरा. देवांच्या बाजूला शेपटाशी एक मोठा वानर उभा आहे. आपल्या गोष्टीत मंथनाला वानर नाही, त्यामुळे ताई तिथे बराच वेळ थबकली. सकाळी साडेसातला त्या ओवरीत आम्ही दोघी आणि एक झाडणारी बाई, एवढेच होतो. ताई उंबऱ्यावर बसून एकेक असुराचा चेहरा बघत होती. तासभर गेला. मग मधल्या मजल्यावर थोडं फिरून आम्ही परत निघालो. सगळ्यात वरच्या गाभाऱ्याला बाकान म्हणतात. त्याचा जिना शिडीसारखा उभा आहे, लाकडी पायऱ्या आणि कठडा बसवलेला असला तरी. ताईने खालूनच हात जोडले. बाबांनाही तिथे आग्रह करू नका. चढणं एक वेळ जमेल, उतरताना गुडघा आणि धीर दोन्ही जातात.

पश्चिम गोपुरात आठ हातांची विष्णूची उंच मूर्ती आहे. स्थानिक लोक तिला आजही फुलं-उदबत्त्या वाहतात. तेवढ्यासाठी वेगळ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडून जा आणि गोपुरापासूनच परत फिरा.

आंगकोरची देवळं बघायला लागणाऱ्या प्रवेशपासचं गणित असं: एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तीन दिवसांचाच घ्या, कारण ते तीन दिवस सलग असावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. म्हणजे एक दिवस देऊळ, एक दिवस विश्रांती. आम्ही सकाळी सात ते साडेदहा एकच ठिकाण बघायचो, दुपारी हॉटेलवर जेवून झोप, आणि वाटलं तर चारनंतर तासभर बाहेर. डिसेंबर-जानेवारी हे तिथले त्यातल्या त्यात बरे महिने, तरी अकरानंतरचं ऊन आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखं चिकट वाटतं.

दुसऱ्या देवळांपैकी बांतेय स्रेई चुकवू नका. ९६७ साली प्रतिष्ठा झालेलं, गुलाबी दगडाचं, लहानसं आणि जवळजवळ सपाट. उंबरे तेवढे उंच आहेत. आंगकोरजवळचं मुक्कामाचं शहर सियाम रीप, तिथून ३७ किलोमीटर, म्हणून त्या दिवशी टुकटुक न घेता एसी गाडी करा. कैलास हलवणारा रावण तिथे आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण आई-बाबांनी पाहिला असेल तर त्यांना हा बघताना फार आनंद होईल. वाली-सुग्रीवाची झुंज आहे, खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र आहे. आईला गाइडची गरजच पडणार नाही. ता प्रोम हे झाडांच्या मुळांनी वेढलेलं देऊळ, तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याने बरंच काम केलंय आणि बऱ्याच ठिकाणी लाकडी फळ्यांची वाट आहे. एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं, गाडी तिकडे बोलवायची, म्हणजे तीच चाल पुन्हा होत नाही. बायोन या दगडी चेहऱ्यांच्या देवळात वर न चढता फक्त बाहेरच्या ओवरीतली शिल्पं बघा: बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज, शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी लढाई. तोन्ले साप तळ्यावरची बोट मात्र टाळा. कोरड्या महिन्यांत पाणी खाली जातं आणि निसरड्या काठावरून बोटीत उतरावं लागतं.

आता एक गोष्ट जी कुणी उघड बोलत नाही. आपली वयस्क माणसं बाहेर लघवीला जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. साखर असलेल्या माणसाने त्या उकाड्यात असं करणं धोक्याचं. स्वच्छतागृहं देवळाच्या आत नसतात, बाहेर असतात, पण ठीक असतात, कमोड आणि जेट असतो, पास दाखवला की पैसे लागत नाहीत. हे बाबांना निघायच्या आधीच सांगून ठेवा, आणि प्रत्येक देवळात शिरण्यापूर्वी तिकडे नेऊनच आणा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच, रोजच्यापेक्षा जास्त चालणं झालं की साखर एकदम उतरू शकते.

इन्शुलिन असेल तर ते हातातल्या बॅगेत, सामानात कधीही नाही, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. हॉटेलच्या फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. औषधं लागतात त्याच्या दीडपट न्या, आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने इंग्रजीत लिहून घ्या. आपल्याकडच्या कंपन्यांची नावं तिथल्या केमिस्टला कळत नाहीत. प्रवास विमा घेताना साखर लपवू नका. आधीपासूनचे आजार धरणारीच पॉलिसी हवी, आणि रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्चही त्यात हवा, कारण गंभीर दुखण्यात सियाम रीपहून बँकॉकला न्यावं लागू शकतं. थोडा जास्त हप्ता पडतो, पण इथे काटकसर करू नका.

विमानतळावर व्हीलचेअर मागायला बाबा लाजतील. ह्यांनाही लाज वाटली होती. तिकीट काढतानाच नोंदवून टाका, निदान ४८ तास आधी. वाटेत विमान बदलावं लागलं तर बँकॉक-सिंगापूरच्या विमानतळांवर चालणंच खूप होतं. सियाम रीपचा विमानतळ २०२३ पासून शहराबाहेर दूर गेलाय, तेव्हा हॉटेलची गाडी आधीच सांगून ठेवा.

हॉटेलला दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का किंवा तळमजल्यावर खोली मिळेल का, आणि न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर. टब नको. ओलांडून आत जाताना ताईचा तोल गेला होता. घरून रबरी मॅट नेली तर उत्तम.

आईच्या जेवणाचं. तिथे भाजीतही माशाचा रस किंवा प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशाची चटणी, घालतात आणि त्यांच्या मते ती भाजीच असते. "नो मीट" म्हणून भागत नाही. हॉटेलवाल्याकडून ख्मेरमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, कागदावर लिहून घ्या: मांस नाही, मासा नाही, माशाचा रस नाही, प्राहोक नाही. हा कागद आम्ही रोज दाखवायचो. भारतीय खानावळी सियाम रीपमध्ये आहेत. शिवाय मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या, साधा भात कुठेही मिळतो. उपासाला केळी, आंबा आणि शहाळं भरपूर.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली नोट तिथे कुणी घेत नाही. आणि बाबांना काठीची सवय इथेच, घराजवळच्या बागेत महिनाभर आधी लावा. तिथे जाऊन नवी काठी हातात दिली तर ते ती टुकटुकमध्येच ठेवून पुढे चालायला लागतील.