अमेरिकेत आरोग्य कायद्यातील गर्भनिरोधकांच्या विम्याच्या सक्तीविरोधात फुटपाथवर निदर्शने करायला परवाना लागतो का, आणि त्याने काही बदलते का?

सार्वजनिक फुटपाथवर रहदारी आणि दारे न अडवता फलक घेऊन उभे राहायला सहसा परवाना लागत नाही. मात्र रस्ता बंद करून मोर्चा काढायचा किंवा मोठे ध्वनिक्षेपक लावायचे असतील, तर बहुतेक शहरांत तो आधी घ्यावा लागतो. याचा आधार अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती आहे: सरकार वेळ, जागा आणि आवाज यांवर वाजवी बंधने घालू शकते, पण फलकावर काय लिहिले आहे हे पाहून परवाना नाकारू शकत नाही. आपण विचारलेला वाद, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च धरण्याची 2010 च्या आरोग्य कायद्याखालील सक्ती, 2012 मध्ये रस्त्यावर आला खरा. परंतु नियम प्रत्यक्ष वाकला तो न्यायालयात. हॉबी लॉबी या दुकानसाखळीच्या 2014 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1993 च्या धार्मिक स्वातंत्र्य पुनर्स्थापना कायद्याच्या आधारे, मोजक्या मालकांच्या हाती असलेल्या खासगी कंपन्यांना मालकांच्या धार्मिक आक्षेपावरून 5 विरुद्ध 4 मतांनी या सक्तीतून सूट दिली. म्हणून फलकाइतकेच महत्त्व प्रस्तावित नियमांवर मुदतीत नोंदवलेल्या लेखी हरकतींना द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांतील महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर देणे सरकारी खात्याला भाग असते. एक खबरदारी मात्र घ्या: प्रजनन आरोग्याच्या दवाखान्यात जाणाऱ्यांची वाट बळाने किंवा शरीराने अडवणे हा 1994 पासून संघीय गुन्हा आहे, आणि तोच कायदा प्रार्थनास्थळांत जाणाऱ्यांनाही संरक्षण देतो.