सोलापुरात मानसिक आरोग्य संस्थेत समुपदेशकाची नोकरी धरावी का? लोक ती लवकर का सोडतात?

धरा, पण आधी लेखी घ्या: एकाकडे किती केसेस, आणि दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेसवर अनुभवी वरिष्ठाशी चर्चा, कोण देणार. मी याच कामात आहे. माणसं रुग्णांना कंटाळून जात नाहीत. अकरा महिन्यांचा करार, लांबलेला पगार, आणि दिवसभराच्या गृहभेटींनंतर तीच माहिती रजिस्टरात आणि ॲपवर दोनदा भरणं, याला कंटाळून जातात.

पूर्व भागातली विडी कामगार बाई विड्या वळायचं सूप खाली न ठेवता बोलते, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते. नवऱ्याची दारू, मुलाने केलेला आत्महत्येचा प्रयत्न, सगळं तेलुगूत सांगते. सून मराठीत समजावते. ते ऐकून लगेच पुढचं घर. मध्ये कुणाशी दहा मिनिटं बोलायची सोय नसते, आणि खरा थकवा तिथेच साचतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामातून येणाऱ्या अशा पार थकून जाण्याला, आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाशी जोडलं. म्हणून योग शिबिरावर भागवणाऱ्या संस्थेला केसेस कमी करायला सांगाच. झोप उडाली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. तो आपल्यासाठीही आहे.