नववीतली मुलगी चित्रं छान काढते. बेळगाव भागात राहून पुढे काही होईल, की आत्ताच पुण्याला पाठवावं?

ताई, मुलगी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकते, दिवसभर चित्रं काढते आणि नातेवाईक म्हणतात, "सीमेवर राहून कलेचं काय होणार, पुण्याला मावशीकडे ठेवा", असं तुम्ही लिहिलंय. मी याच भागात शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून स्पष्टच सांगतो: आत्ता पाठवू नका. या वयात तिला चांगल्या कॉलेजपेक्षा नेमाने तिची चित्रं पाहणारं माणूस हवं, आणि ते इथं मिळू शकतं.

बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी चित्रमंदिर ही चित्रकलेची शाळा चालवली. नामवंत चित्रकार रवी परांजपे बेळगावचेच, त्यांचा पाया सरांच्या हाताखाली पक्का झाला. मुंबई, नैरोबी, पुणे हे सगळं नंतरचं. तेव्हा आधी शिक्षक शोधा. क्लास पाहायला जाल तेव्हा भिंतीवरची बक्षिसं बघू नका. पोरं मोबाईलवरचं चित्र बघून काढतात की समोरची वस्तू बघून, एवढंच बघा. कॅलेंडरवरच्या चेहऱ्याची हुबेहूब नक्कल झाली की घरचे खूश होतात, पण त्यानं नजर तयार होत नाही.

मी वर्गात खिडकीजवळच्या स्टुलावर पितळेची कळशी ठेवतो. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळेच तिचं तोंड पूर्ण गोल काढतात, कारण ते गोल आहे हे त्यांना माहीत असतं. मग उभं राहून बघायला सांगतो, नंतर बाकावर बसून. डोळे कळशीच्या काठाच्या पातळीला आले की तोच गोल चपटा होत होत नुसती रेघ उरते. एखादी पोरगी कुणी न सांगता खोडरबर उचलते आणि आपला गोल दुरुस्त करते, तेव्हा मला फार आनंद होतो. हे घरीही करता येईल. कळशी, पेन्सिल, साधे कागद, बस्स.

आणि आपल्याकडचा शिवजयंतीचा चित्ररथ विसरू नका. वैशाखातल्या बेळगावच्या मिरवणुकीत गल्लोगल्लीची मंडळं सजीव देखावे करतात. पडदे रंगवायचे, बुरूज उभे करायचे, दाढीमिशा चिकटवायच्या, दिवे कुठून टाकायचे ते ठरवायचं. नेपथ्य आणि रंगभूषा पैसे भरून शिकायला लोक शहरात जातात, आणि इथं ती कामं गल्लीतली पोरं रात्री जागून करतात. मुलींना मात्र बहुतेक वेळा वेशभूषा करून रथावर उभं करतात आणि ब्रश मुलांच्या हातात राहतो. हे मला अजिबात पटत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच जाऊन सांगा, हिला पडदा रंगवायला द्या. वहीच्या पानावर जमणारा हात मोठ्या कापडावर प्रमाण सांभाळताना कसा अडतो, हे तिला तिथं कळेल. गणपतीच्या दिवसांत एखाद्या मूर्तिकाराच्या कारखान्यातही बसू द्या. डोळे आखताना नुसतं बघायला मिळालं तरी पुष्कळ.

परीक्षा म्हणाल तर कर्नाटकात ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर ग्रेड आहेत, त्या द्यायला हरकत नाही. त्यांच्या मागे वर्ष घालवू नका.

बारावीनंतर चित्रकलेची पदवी (बीएफए किंवा बीव्हीए), चार वर्षांची. म्हैसूरची चामराजेंद्र अकादमी किंवा बंगळुरूची चित्रकला परिषद या दोन्ही चांगल्या जागा आहेत. त्यासाठी कन्नड बोलता-वाचता येऊ दे, आत्तापासून मैत्रिणींशी बोलायला लावा. महाराष्ट्रात जायचं तर उपयोजित आणि ललित कलेची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र (समोरची वस्तू बघून काढायचं), संकल्पचित्र (नक्षी-रचना), स्मरणचित्र (आठवणीतून काढायचं) आणि सामान्यज्ञान येतं. म्हणजे ती कळशी इथंही उपयोगी पडणार.

अजून एक, हे फार जणांना माहीत नसतं. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांत, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या कर्नाटकातल्या 865 गावांच्या सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते. दहावी आणि/किंवा बारावी याच भागातून झालेली लागते. बारावीआधीच मुलीला बाहेर पाठवलंत तर ती संधी हातची जाऊ शकते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा, आणि शाळेच्या रजिस्टरात मातृभाषा मराठी लिहिली आहे ना, हे याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे जाऊन बघून घ्या.